इथलं पाणी कुठं जातं?

कळंबोलीला पुण्याची एसटी पकडली आणि नेमका त्या काकांशेजारी बसलो. मांडीवर कापडी पिशवी, कोपर माझ्या बरगडीत. "वर ठेवा ना," म्हटलं, तर पिशवी आणखीच कवटाळली.

ओढा दिसो की नदी, काका माझ्या अंगावरून खिडकीत वाकायचे. "ह्ये पानी कुटं जातंय?"

"समुद्रात."

"कंच्या?"

पाताळगंगा आली तेव्हा मी खेकसलोच. "अहो, अरबी समुद्रात! घाटाखालचं सगळं पाणी तिकडेच जातं!"

घाट चढून कामशेतजवळ इंद्रायणी दिसली. "आन् ह्ये?"

"भीमेत," मी डोळे मिटूनच म्हणालो. "मग उजनी धरणात. झालं समाधान?"

काका ताडकन उठले. "मंग हितंच उतरतो. आईच्या अस्थी हायत. लोक म्हनले, उलव्याच्या खाडीत सोड. पन तिला गावाकडंच जायचं हुतं."

"मग गावालाच न्या ना!"

"गाव उजनीच्या पोटात गेलं, सायेब. तितं आता पानीच जाऊ शकतंय."

"इथे स्टॉप नाही!" कंडक्टर ओरडला.

घंटीची दोरी मीच ओढली.