एकवीस चढ, दहा किलो तांदूळ आणि ताजिकिस्तान

ताजिकिस्तानला जायचं मी नोव्हेंबरात ठरवलं आणि त्यासाठी जानेवारीत सानगडीला गेले. या वाक्यात काहीतरी चुकलंय असं ज्यांना वाटेल, त्यांनी पुढचं वाचावं.

आधी ताजिकिस्तानबद्दल, कारण बरेच जण त्यासाठीच इथे येतील. देशाचा बहुतेक भाग पर्वतांचा. मी निवडला तो फान पर्वतातला दहा दिवसांचा मार्ग: निळी तळी, अडतीसशे मीटरची खिंड, मुक्काम तंबूत, सामान गाढवांवर, वाटेत दुकान नाही. व्हिसाचा अर्ज घरबसल्या होतो. बी. ए.ला माझा भूगोल होता आणि पामीरच्या समोच्च रेषा मी डोळे मिटून काढू शकत असे. त्यानंतर पस्तीस वर्षं भंडाऱ्यात हातमागाच्या साड्यांचं दुकान सांभाळलं. तिथे चढण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे वरच्या फळीची शिडी. आता दुकान सून बघते, मी बासष्टची आहे आणि गुडघे अजून माझं ऐकतात. ते ऐकतात तोवर जायचं, एवढा साधा हिशेब.

सहल नेणाऱ्या पुण्याच्या मंडळींकडे एकच जागा उरली होती आणि प्रतीक्षायादीत चौतीस वर्षांचा एक धावपटू होता. साठीपुढच्यांसाठी त्यांची अट अशी: सलग तीन दिवसांत, चढताना पाठीवर दहा किलो घेऊन, एकूण दोन हजार मीटर चढाई करायची. चढाई मोजणाऱ्या घड्याळाची नोंद आणि एका स्थानिक साक्षीदाराची ग्वाही रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची. नाही पाठवली तर जागा धावपटूला.

"मॅम, भंडाऱ्याजवळ डोंगर आहेत का?" त्यांच्या ईशाने फोनवर विचारलं.

"आहेत," मी म्हणाले. ते केवढे आहेत हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आमच्या जिल्ह्यात तलाव मोजायला माणूस बसवावा लागेल, डोंगर मात्र एका हाताच्या बोटांवर उरकतात. सानगडीपासून चार किलोमीटरवर एक पहाडी मला माहीत होती. पायथ्याशी तलाव आणि धानाची बांधी, माथ्यावर मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला देव. मागे एकदा घड्याळ लावून चढले होते, तेव्हा तलावाच्या पाळीपासून, म्हणजे बांधापासून, माथ्यापर्यंत शहाण्णव मीटर भरले होते. एकवीस वेळा चढलं की दोन हजार सोळा. रोज सात.

शुक्रवार

भंडाऱ्याहून साकोली महामार्गाने तासाभरात येते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडी काढण्यात अर्थ नाही. साकोलीच्या स्थानकाबाहेर तर्री पोहे खाऊन घ्यावेत, पुढे सानगडीपर्यंत काही मिळेल याची खात्री नाही. सानगडीहून ऑटो करून मी साडेआठला पहाडीच्या पायथ्याच्या गावात, पार्वताबाईंच्या दारात होते. त्या आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. घरची धानाची शेती, वय माझ्याइतकंच, अर्ध्या गावाच्या त्या आत्या आणि उरलेल्या अर्ध्याच्या मावशी. राहायची सोय आणि साक्षीदाराचं काम दोन्ही त्यांच्याकडे होतं.

इथेच माझी चूक झाली. पाठीवर दहा किलो म्हणजे लोक पुस्तकं भरतात, विटा भरतात. मी घरातून निघताना दहा किलोचं जे पहिलं दिसलं ते भरलं. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही घरात दहा किलोचं जे पहिलं दिसतं ते तांदूळच असतात. वजनाचा फोटो पाठवायचा होता, म्हणून किराणा दुकानाच्या काट्यावर पिशवी ठेवली. दुकानात आठ माणसं होती.

"नवा तांदूळ हाये का बाई?" एकाने विचारलं.

"हो."

"कुठी चालल्या?"

"पहाडीवर."

आठही जण बाजूला सरले आणि एकाने डोक्यावरची टोपी काढली. मी लक्ष दिलं नाही.

पहिला चढ सव्वीस मिनिटांत झाला. वाट सरळ आहे, तरी वरच्या टप्प्यावर मुरूम निसटतो, तळव्याला पकड असलेले बूट हवेत. माथ्यावरून तलाव ताटलीएवढा दिसतो. वारा थंड होता. मी घड्याळ पाहिलं, खाली उतरले, वळले आणि पुन्हा चढू लागले. तिसऱ्या फेरीला पाळीवर चार बायका उभ्या होत्या. पाचवीला अकरा. सहावीला एकीने वाटेवर पाणी शिंपडून ठेवलं होतं, त्यामुळे मुरूम आणखीच निसटला.

जेवताना मी पार्वताबाईंना विचारलं, "लोक कशाला जमलेत?"

"आता तुमी नवा तांदूळ घेऊन देवाले इतला मोठा नवस करून राहिल्या, तं लोक पाहतीलच ना."

"हा नवस नाही. सराव आहे."

"कायचा सराव?"

"डोंगर चढायचा. मला ताजिकिस्तानला जायचं आहे."

त्यांनी वरणाची पळी थांबवली. "ते कुठी आलं?"

"अफगाणिस्तानच्या वर."

"मंग तं देवाचं करूनच जा," म्हणत त्यांनी मला आणखी भात वाढला. लाखोळीची भाजी, भात, तळलेले झिंगे. या जेवणासाठी कोणी वेगळं यायचं असेल तर यावं.

शनिवार

सकाळी सहाला पाळीवर तीसेक माणसं होती. मी सगळ्यांना एकत्र सांगितलं की हा नवस नाही, मी काही मागितलेलं नाही, आपापल्या कामाला जावं. लोकांनी माना डोलावल्या. उतरताना त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"सांगत नाई कोणाले. सांगतलं तं फळत नाई ना."

"पोराच्या नोकरीचा असंल."

"पोरगा नाई वो, कोर्टाचं काम हाये. तांदूळ कोर्टाच्या कामाले लागते."

"सोभाव पाय कसा हाये. कोर्टाचंच हाये."

दहाव्या चढाला रामाजी नावाचे एक गृहस्थ आडवे आले. साठीचे, धोतर, हातात लाल दोरा.

"बाई, एक चढ माह्या म्हशीच्या नावानं टाका. दोन वर्सं झाले, माजावरच येत नाई, गाभन कशी राहीन."

"तुमच्या म्हशीला डॉक्टर दाखवा."

"दाखवला. त्यानं बी हात टेकले."

"मी चढल्याने म्हशीला काय होणार?"

"तुमाले तं चढाचंच हाये," रामाजी म्हणाले. "मंग माह्या म्हशीचं नाव घेतल्यानं तुमचे पाय दुखतीन का?"

मी पिशवी सावरायला थांबले. त्यांनी दोरा माझ्या पिशवीच्या बंदाला बांधला आणि बाजूला झाले. दिवस संपेपर्यंत पिशवीला सोळा दोरे होते. सोळा दोऱ्यांचं वजन काही होत नाही, तरी मी संध्याकाळी पुन्हा काट्यावर पिशवी ठेवली. नियम तो नियम.

दिवसाअखेर एकूण चौदा चढ पूर्ण झाले. डावा गुडघा थोडा कुरकुरत होता. पार्वताबाईंनी मोहाचं तेल चोळलं आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी सैपाक. बायका वांगे घेऊन येऊन राहिल्या."

"कसला स्वयंपाक?"

"तुमच्या तांदळाचा."

रविवार

सात चढ बाकी आणि संध्याकाळी सहाची मुदत. साडेसहाला सुरुवात केली, नऊपर्यंत तीन झाले. चौथ्यासाठी खाली उतरले तेव्हा पाळीवर तीन दगडी चुली पेटल्या होत्या, डाळ शिजत होती, वांगी चिरून झाली होती आणि एका भल्या मोठ्या गंजात आधणाचं पाणी उकळत होतं. सगळे माझ्या पाठीकडे बघत होते.

"आना," पार्वताबाई हात पुढे करून म्हणाल्या.

"अजून चार चढ आहेत. पिशवीत दहा किलो हवेत."

"आन इथं शंभर माणूस हाये. दूरदूरून आले. तुमी चार डाव चढून याल तोवर आधण आटंल."

"मी कोणाला बोलावलं नव्हतं."

"तांदूळ पाठीवर घेऊन कोनी तीन दिवस पहाडी चढंल, तं ते बलावनं नाई तं काय होय?"

मी उभी राहिले. तांदूळ दिले तर चार चढ बाद, मुदत बाद, आणि फान पर्वतात तो धावपटू. न दिले तर शंभर माणसं नुसतं वरण पिणार. मी कडक आहे असं लोक म्हणतात, पण उपाशी माणसांसमोरून तांदूळ पाठीवर घेऊन चालू लागण्याइतकी मी नाही.

"दहा लिटरची डबकी आहे का कोणाकडे?" मी विचारलं.

पार्वताबाईंच्या शेताच्या धुऱ्यावर फवारणीच्या पाण्याची एक झाकणाची प्लास्टिकची डबकी होती. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, हे चौथीतलं पाठांतर. तांदूळ गंजात गेले, डबकी तलावात बुडवून पिशवीत गेली, दुकानातून आणवलेल्या काट्यावर फोटो झाला आणि मी निघाले. माथ्यावर पोचल्यावर पाण्याचं काय करायचं? अट फक्त चढतानाची होती. देवासमोरच्या मोहाच्या मुळाशी ओतून टाकलं. खालून कोणीतरी मोठ्याने जयजयकार केला. माथ्यावर पाणी नाही, आणि कोणी तिथवर पाणी चढवणं ही या पहाडीवरची मोठी सेवा समजली जाते, हे मला पुढच्या फेरीला कळलं.

एकविसावा चढ अडीच वाजता संपला. घड्याळाची नोंद पाठवली आणि पानावर बसले. तासाभराने ईशाचा व्हिडिओ कॉल आला.

"मॅम, एक अडचण आहे. तुम्ही एकाच जागी एकवीस वेळा वर-खाली गेल्यात. आमच्या ॲपने ती लिफ्ट धरली आहे."

"सानगडीजवळ लिफ्ट नाही."

"मला पटतं मॅम, पण ॲपला नाही. साक्षीदार आहेत का?"

मी फोन फिरवला. पाळीवर पंगत होती. ईशा पडद्याच्या जवळ सरकली.

"हे सगळे साक्षीदार?"

पार्वताबाईंनी फोन हातात घेतला. "पोरी, एकवीस झाले. मी खुद मोजले. दर डावाले एक लाखोळीचा दाना बाजूले ठेवला. पाहतं का?" त्यांनी कॅमेऱ्यापुढे मूठ उघडली.

"तुम्ही प्रमाणित गाईड आहात का?"

"मी इथलीच हाओ."

"पिशवीत दहा किलो होते?"

"आधी तांदूळ होते. ते हे खाऊन राहिले. मंग पानी."

"ठीक आहे," ईशा हळू आवाजात म्हणाली. "मी वर विचारते."

घरी

सोमवारी मी दुकानात बसले. दोन दिवस जिना उलटं तोंड करून उतरावा लागला, हे पुढच्यांनी लक्षात ठेवावं. तीन दिवसांचा खर्च प्रवास, पोहे आणि तांदूळ एवढाच. पार्वताबाईंनी राहण्याचे पैसे घेतले नाहीत, एक नऊवारी मात्र हक्काने निवडून ठेवली आहे.

मेल आला नाही. आठवडा गेला. मी धावपटूचा विचार करू लागले होते. अकराव्या दिवशी पार्वताबाईंचा फोन आला.

"बाई, रामाजीची म्हैस माजावर आली."

"चांगलं झालं."

"लोक पहाडीवर तांदूळ घेऊन चढून राहिले. एकवीस डाव. काल साकोलीचे दोघं आल्ते." मग त्यांनी विचारलं, "तुमचं काय झालं?"

"काही कळलं नाही अजून."

"दम धरा. म्हशीचं आधी होते."

दुसऱ्या दिवशी मेल आला. नोंद मान्य, जागा माझी, ऑगस्टमध्ये निघायचं. मी तो तीनदा वाचला आणि सुनेच्या आधी पार्वताबाईंना फोन केला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

"मंग कधी येता फेडाले?" त्यांनी विचारलं.

"एकवीस वेळा चढले की मी. फेडलाच आहे."

"ते नवस मांगाले होतं. फेडाचं वेगळं रायते."

हा नवस नव्हता, हे मी पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "तांदूळ किती आणू?"

"मांगच्या डावाले भात कमी पडला. बारा आना."

दिवाळीनंतर धान निघालं की मी सानगडीला जाणार आहे. बारा किलो, एकवीस चढ, आणि या वेळी डबकीही माझीच. तयारीला वेळ कमी आहे. मध्ये ताजिकिस्तानचे दहा दिवस आहेत, तेवढाच सराव होईल.