टरफलांची झडती

पूर्णिमाचं रसायनशास्त्र सुरू झालं ते न्हाणीच्या चुलीपाशी. जांबोटीच्या पावसात लाकडं महिनोन् महिने ओलीच. पण तिची आई अंबुबाई काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जायची आणि येताना टरफलं पदरात बांधून आणायची. ती भिजली तरी भडाभडा पेटायची. कशानं पेटतात, म्हणून पोरगी विचारायची. त्यात तेल असतंय, असं सांगून आई त्याच तेलानं सोलवटलेले हात राखेनं चोळत बसायची.

त्या तेलाचा नाद पोरीनं मग सोडलाच नाही. त्यातून औषधांना लागणारं रसायन काढायला सोन्याच्या मोलाचा धातू वापरावा लागायचा. पूर्णिमानं बेळगावच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं झटून तेच काम लोखंडाच्या साध्या क्षारावर करून दाखवलं. अशी अभिक्रिया आजवर कुणी केलीच नव्हती. शोधनिबंधात तिनं ऐटीत लिहिलं, 'टाकाऊ टरफलांपासून'. टाकाऊ म्हणे! स्वतःच्या घरची न्हाणी कशावर तापली, ते बाईसाहेब सोयीस्कर विसरल्या.

आईच्या कारखान्याचे मालक धवलशेठ लगेच पुढं झाले. आवारातच तेलाचा प्रकल्प उभा राहिला. उद्घाटनाला पूर्णिमा स्वतः बनवलेल्या क्षाराची बरणी घेऊन आली. तो क्षार तेलात पडल्याशिवाय प्रकल्प चालू होणारच नव्हता.

फाटकाशी पाहते तर कामावरून सुटलेल्या बायकांची रांग. मुकादम जयाबाई एकेकीचा पदर झटकत होती, पिशव्या उलट्या करत होती. अंबुबाईचा पदर झटकला आणि टरफलं खळकन फरशीवर सांडली. म्हातारीला चोरटी म्हणून बाजूला उभं केलं. इतकी वर्षं तीच टरफलं न्या म्हणून मागं लागायचे हे लोक!

पूर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं मात्र शांतपणे तिच्याकडं पाहिलं.

"टरफलाला भाव तूच आणलास गं," ती म्हणाली. "आता न्हाणीला काय जाळायचं, तेबी शोधून दे."

तेवढ्यात धवलशेठ शाल घेऊन हसत आले. टरफलं आता कच्चा माल झालीत, गळती थांबवावीच लागते, आणि घरोघरी गॅस आहेच की, असं ते समजावू लागले. बेळगावात टिळकवाडीच्या बंगल्यात बसून जांबोटीची चूल कळते यांना! पूर्णिमानं बरणी पिशवीत टाकली आणि ती आईच्या मागं रांगेत उभी राहिली.

"जयाक्का, माझीबी झडती घ्या."

जयाबाईचा हात पुढं होईना. मॅडम, ही झडती तुमच्यासाठी नाही, असं शेठ गडबडीनं म्हणाले.

"आईला आहे तर मलाही आहे," पूर्णिमा म्हणाली. "बायकांना पहिल्यासारखी टरफलं मिळाल्याशिवाय ही बरणी उघडणार न्हाय. आणि आधी माझ्या आईची माफी मागा."

शेठनी हातातली शाल घडी घालून काखेत मारली. अंबुबाई खाली बसली आणि सांडलेली टरफलं एकेक करून पदरात भरू लागली. तिला कुणी अडवलं नाही.