भावोजींचे कान

पेणपासून रोह्यापर्यंतच्या टापूत खऱ्या अर्थाने कान असलेला एकच माणूस होता, आणि तो म्हणजे आमचे भावोजी. बाकी आपण सगळे चष्मा अडकवायची सोय म्हणून डोक्याला दोन पाळ्या घेऊन हिंडतो. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहायचे आणि पूल ओलांडून धाटावच्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून जायचे. पेणला माझ्याकडे जेवायला आले की पहिला घास तोंडात जायच्या आधी त्यांची मान वर जायची. "मास्तर, पंख्याचं बेअरिंग चाललंय." मला तर पंखा नेहमीसारखाच फिरताना दिसायचा. दोन आठवड्यांनी तो ऐन मे महिन्यात बंद पडायचा आणि घामाने निथळत मी त्यांच्या नावाने खडे फोडायचो, जसा काही पंखा त्यांनीच नजर लावून पाडला होता. ताईचा कुकर स्वयंपाकघरात शिटी द्यायला लागला की ते ओटीवरून ओरडायचे, "गास्केट बदल गो, वाफ कडेनं जाते!" एकदा पेण स्टँडवर त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरला मागचं डावं चाक बघायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी तू चालवतोस का मी?" गाडी नागोठण्याच्या अलीकडे बसली. सगळे उतारू ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असताना भावोजी मात्र रुमाल अंथरून सावलीत शांत बसले होते. आपलं खरं झाल्याचा आनंदही त्यांना धड घेता येत नसे.

गणपतीच्या आधी त्यांना पेणच्या कारखान्यांत मूर्ती पाहायला नेणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. लोक मूर्तीचे डोळे बघतात, हे डोळे मिटून पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे. "ही बोदी वाजते, आतून चीर हाय." एक बाई संतापून म्हणाल्या, "देवाला टिचक्या मारता?" त्यावर भावोजी म्हणाले, "वयनी, प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ही मातीच हाय. नंतर मी पण पायाच पडतो." कारखान्याचा मालक वरकरणी हसायचा, पण ती मूर्ती गुपचूप मागे न्यायचा. आणि कंपनीत तर त्यांचं राज्यच होतं. मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू पंपावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि क्षणभर श्वास रोखायचा. मग निदान ठोकायचं. इंजिनीअर साहेबांनी यंत्राची थरथर मोजणारं मीटर आणलं, तेव्हा ते मीटर बरोबर दाखवतं की नाही, हे भावोजींना विचारून ठरवलं गेलं.

त्याच कानांची पुढे माती झाली, आणि ती कोणी केली हे सांगताना माझ्या जिभेला अजून कडू लागतं. साल त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं असेल. बॉयलरची जादा वाफ सोडायच्या पाइपावर आवाज दाबणारा सायलेन्सर असतो. तो दुरुस्तीला काढला होता आणि "बसवू पुढच्या शटडाऊनला" म्हणून कोपऱ्यात गंजत पडला होता. भावोजी त्याच पाइपाखाली वाकून, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून पंप ऐकत होते आणि वर कोणीतरी वाफ सोडली. घरी आले ते हसतच. "दडे बसलेत," म्हणाले. ताईने लसणीचं तेल कोमट करून घातलं. कंपनीच्या डॉक्टरने मळ असेल म्हणून थेंब दिले. साप साप म्हणून भुई धोपटण्यात चार दिवस गेले. उजवा कान ठार बंद, डाव्यातून विहिरीच्या तळातून यावं तसं काहीतरी, आणि दोन्हींत अखंड शिटी. पाचव्या दिवशी मी त्यांना पेणच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर भला माणूस. त्याने गोळ्या दिल्या, कंपनीला दाखवायला इंग्रजीत चिठ्ठी लिहिली आणि मला समजावून सांगितलं की आवाजाने आतली नस दुखावली आहे. मुंबईत बंद टाकीत बसवून, हवेचा दाब वाढवून, ऑक्सिजन देतात. खात्री नाही, पण पंधरा दिवसांच्या आत गेलात तर आशा आहे. कंपनीचं पत्र असेल तर नंबर लवकर लागेल. भावोजी शेजारी बसून आमच्या ओठांकडे बघत होते. त्यांना ऐकू जात नव्हतं म्हणून मी वहीचं पान फाडून सगळं लिहून दिलं. माझं अक्षर सुंदर आहे. तिसरा तास घ्यायला शाळेत पोचायचं होतं, तरी मी सुंदर अक्षरात लिहिलं: "नस दुखावली आहे. पंधरा दिवसांच्या आत ऑक्सिजन घ्यावा लागेल. मुंबईला सोय आहे. कंपनीचं पत्र घ्या." पान खिशात घालून ते रोह्याच्या गाडीत बसले आणि मी वेळेवर वर्गात गेलो.

कंपनीच्या फाटकावर एक फळा होता. अपघाताविना किती दिवस गेले त्याचा आकडा त्यावर रोज खडूने लिहीत. वर्ष पुरं झालं की प्रत्येक कामगाराला स्टीलचा डबा मिळणार होता, आणि वर्षाला तीन आठवडे उरले होते. सुरक्षा अधिकाऱ्याने डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी ठेवून घेतली आणि भावोजी आता जवळ बाळगत त्या पाटीवर लिहून विचारलं, "रक्त आलं? हाड मोडलं? मग अपघात कसला?" पत्र दिलं तर फळा पुसून पुन्हा एकपासून सुरू करावा लागला असता. यात साहेबाला शिव्या द्यायला सोपं आहे. पण डबा सगळ्यांनाच हवा होता, भावोजींच्या जिवाभावाच्या दोस्तांनासुद्धा. त्यांनी माझं पान वाचलं आणि एक जण हर्षाने ओरडला, "ऑक्सिजनच ना? आपल्याकडं ढिगानं हाय की!"

आणि मग सात दिवस, जेवणाच्या सुट्टीत, वर्कशॉपमधल्या गॅस कटिंगच्या सिलिंडरला नळी जोडून, नळीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधून, त्या पिशवीत नाक खुपसून आमचे भावोजी ऑक्सिजन घेत बसले. दोघं जण लांब उभे राहून विडीवाल्यांना हाकलत. एखादा नजर चुकवून आला असता तर अख्खं वर्कशॉप उडून कुंडलिका नदीत पडलं असतं. फळ्यावरचा आकडा मात्र रोज एकाने वाढत होता.

डॉक्टरांची पंधरा दिवसांची मुदत उलटून गेल्यावर, तिसऱ्या रविवारी मी अष्टमीला गेलो तर ते विजयी मुद्रेने म्हणाले, "मास्तर, कोर्स पुरा केला! कंपनीचा ऑक्सिजन, एकदम शुद्ध." मी त्यांच्या हातातलं ते पान घेतलं आणि वाचलं. त्यात दाब नव्हता. टाकी नव्हती. उत्तरपत्रिकेत एक शब्द गळाला तर पोरांचा अर्धा मार्क कापणारा मी! ज्या माणसाचं सारं आयुष्य प्रेशर गेज बघण्यात गेलं, त्याला तो एक शब्द पुरला असता. 'दाब' वाचल्यावर त्यांनी त्या पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. मी पान दुमडून माझ्याच खिशात घातलं आणि पाटीवर लिहिलं, "उद्याच मुंबईला जाऊ." ताई कपाळावर हात मारून म्हणाली, "शिकल्यासवरल्या भावानं लिहून दिलं, तरी या माणसानं आपलंच घोडं पुढं दामटलं!" तिचा गैरसमज मी दूर केला नाही.

मुंबईला गेलो ते वरातीमागून घोडं. तिथली गोल खिडकीची लोखंडी टाकी बघून भावोजी खुलले. दाराचं रबर चाचपून, गेजवरची तारीख वाचून, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारूनच आत शिरले. तंत्रज्ञ मला म्हणाला, "पेशंट आहेत की इन्स्पेक्टर?" डावा कान थोडा सुधारला. उजवा गेला तो गेलाच. मोठे डॉक्टर म्हणाले, "आधी आला असतात तर कदाचित..." आणि त्या 'कदाचित'वर मी पुढची कितीतरी वर्षं झोपायचा प्रयत्न केला. कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवलं. पंप बिघडले की मीटर लावत. माझ्या घरी जेवताना ते आता खाली मान घालून जेवायचे, आणि पंख्याचं काय चाललंय ते कोणालाच कळेनासं झालं.

नव्व्याण्णव साली, ते निवृत्त झाल्यावर, एका संध्याकाळी अष्टमीच्या ओटीवर मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं. कानामागे हात धरून त्यांनी ऐकलं. "काय? मोठ्यानं बोला." मी पुन्हा सांगितलं. "आं?" शेवटी मी ओरडलो, "चूक तुमची नव्हती! दाब लिहायचा मीच विसरलो!" समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. ताई दारात येऊन उभी राहिली.

भावोजी हळू आवाजात म्हणाले, "पयल्या खेपेलाच आयकलं व्हतं, मास्तर. पण तुमच्या बहिणीला आयकू जायला पायजे व्हतं. पाच वर्षं ती मलाच बोल लावते."

ताई आत गेली, चहा केला, आणि एकच कप आणून त्यांच्या हातात दिला. मागायची माझी हिंमत झाली नाही. भावोजींनी अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली.