हनुवटीवरचा तीळ पांढरा झाला तेव्हा

"चपात्यांना हात लावू नकोस. आधी स्वतःचं तोंड बघ."

लवळ्याच्या कॉलेजातल्या कँटीनचा मॅनेजर हे मला पोरापोरींच्या भरल्या रांगेसमोर म्हणाला. तव्याच्या धगीनं घाम फुटला होता. हनुवटीवरच्या तिळाला लावलेलं काजळ गळ्यापर्यंत ओघळलं होतं. खाली तीळ पांढराफटक. एका मुलीनं वाढलेलं ताट तसंच ठेवून दिलं.

"कोड आहे ना हे? आत जा, भांडी घास."

मी गेले.

कोपरावरचे डाग वर्षभर लांब बाह्यांत झाकले होते. तीळ तेवढा काळाभोर राहिला होता. मग त्याच्याभोवती पांढरी कड आली आणि तीळच फिका पडत गेला. पौडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोड असलेल्यांत कधीकधी तीळसुद्धा रंग सोडतो. पण हे कुणाला लागत नाही."

ते मला ठाऊक होतं. ताईमुळं. माझी थोरली बहीण. तिला शाळेत असतानाच कोड आलं, तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाले होते.

तरी माझ्या हळदीला सासूबाई कुजबुजल्या, "तिला हळद लावू देऊ नगा." ताई वाटी घेऊन माझ्यासमोरच उभी होती. हसत होती. मी म्हणाले, "ताई, तू मागं बस."

कुणी माझ्या तोंडून वदवलं नाही. मीच म्हणाले. ती वाटी ठेवून निघून गेली.

भांडी घासून झाल्यावर मी थेट तिच्या घरी गेले, माले गावाला. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. मी पाय धरले.

"आता तुला झालं म्हणून आलीस," ती म्हणाली. "न्हाईतर आली असतीस का?"

नसते आले. तिच्यासमोर खोटं बोलवेना. तिनं मला आत बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काजळ लावलं नाही. बाह्या वर सारल्या आणि चपात्या वाढायला उभी राहिले. मॅनेजर आला.

"तुला आत जायला सांगितलं होतं."

"कोड हाय म्हणून आत घालताय, तर तसं कागदावर लिहून द्या. तवर मी हितनं हलणार न्हाई."

दोन पोरं रांग सोडून गेली. बाकीच्यांना मी वाढलं. कागद अजून आलेला नाही.

ताईची मी गुन्हेगार आहे, मरेपर्यंत राहीन. माफी पुन्हा मागणार नाही, तेवढाही हक्क मला नाही. पण अंग झाकून, मान खाली घालून आता एक दिवसही काम करणार नाही. काढायचं तर काढा. सगळ्यांसमोर काढा.