दिवेलागणीचे शंख

माझ्या बहिणीसारखी बाई अख्ख्या सांगलीत सापडायची नाही. हे मी भाऊ म्हणून बोलत नाही. भाऊ म्हणून बोलायला लागलो तर तुम्हाला जेवायलासुद्धा उठता येणार नाही.

मी स्वतः नववीपर्यंत शिकलेला. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. पोत्यात हात घातला की हळद कुठल्या मातीतली ते सांगतो, यार्डात कुणालाही विचारा. वडील लवकर गेले, मग धाकट्या सुनीतीला मी शिकवली. तिची शाळा मी ठरवली, कॉलेज मी ठरवलं, नवरासुद्धा मीच बघितला. चारुदत्तराव म्हणजे हिरा माणूस, तेव्हा तिथंही माझी पारख चुकली नाही. सुनी बँकेच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली आणि सरकारी बँकेत अधिकारी झाली. यार्डात मी पेढे वाटले त्याची आठवण लोक अजून काढतात.

पण अधिकारी झाली आणि बँकेनं तिला देशभर फिरवली. झारसुगुडा, पाटणा, सिलचर, शेवटी कलकत्ता. प्रत्येक ठिकाणी बँकेचं क्वार्टर. क्वार्टरच्या भिंतीला सुनीनं कधी खिळा ठोकला नाही. म्हणायची, "जाताना भोक बुजवावं लागतं, दादा." आमच्या आईचा फोटो त्यामुळे जन्मभर फ्रिजवर टेकवलेला. फ्रिजचं दार जोरात लावलं की आई पालथी पडायची.

आता डिसेंबरात ती रिटायर होणार. क्वार्टर सोडायचं. मी म्हटलं, सांगलीला या. तर नाही म्हणाली. चारुदत्तरावांचं हृदयाचं ऑपरेशन कलकत्त्याला झालेलं, डॉक्टर तिथले, आणि एवढ्या वर्षांत दोघांना तिथली हवा लागलेली. त्यांनी दोन फ्लॅट बघून ठेवले होते. एक उत्तरपाड्याला, एक बालीला. दोन्ही गावं हुगळीच्या पलीकडच्या काठावर, एकमेकांना खेटून. मध्ये फक्त एक खाडी आणि तिच्यावर पूल. फोनवर सुनी म्हणाली, "दादा, रविवारपर्यंत दोन्ही मालकांना उत्तर द्यायचंय. तू ये ना घर बघायला."

बस्स. गौरी-गणपती उरकले आणि निघालो. यार्डात सांगून टाकलं, बहिणीचं घर ठरवायला चाललोय, कदाचित बालीला घेईन. लोकांना वाटलं परदेशातलं. मी कशाला खुलासा करू?

माझा नियम मी गाडीतच पक्का केला होता. घर नदीपासून लांब पाहिजे. एकोणीस साली कृष्णा आमच्या घरात शिरली तेव्हा मी शिकलो. भोंगा वाजला आणि बघता बघता पाणी जिन्यावर. समोरच्या श्यामसुंदर शेटजींनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या वरच्या मजल्यावर ओढून घेतलं. त्या माणसाशी तेव्हा माझं बोलणंसुद्धा नव्हतं. आठवडाभर त्यांच्या घरी खिचडी खाल्ली. आजही आमच्या गल्लीत प्रत्येक भिंतीवर पाण्याची रेघ आहे, रंगानं साल लिहिलेली. सांगलीचा माणूस घर बघायला गेला की आधी भिंतीवर रेघ शोधतो. फरशी, नळ, खिडक्या नंतर.

आधी गेलो उत्तरपाड्याला. मी, सुनी, चारुदत्तराव आणि भाची नूपुर. नूपुर वाढली बंगालात, तिचं मराठी म्हणजे गंमत. पुढच्या महिन्यात ती नोकरीला हैदराबादला जाणार होती. टॅक्सी बाली ब्रिजवर चढली. मधून रेल्वे, दोन्ही बाजूंनी रस्ता, आणि खाली ती हुगळी. मी कृष्णेत पोहलेला माणूस, पण काच खाली करून डोकंच बाहेर काढलं. नदी कसली, वाहणारं मैदान होतं ते. एका काठावरची देवळं दुसऱ्या काठावरून खेळण्यातली वाटत होती.

बिल्डिंग थेट घाटावर. तिसऱ्या मजल्यावर बाल्कनी आणि बाल्कनीत सगळीच्या सगळी नदी. मी आत पाऊलही टाकलं नाही. म्हटलं, "सुने, नापास. नदी उंबऱ्यावर आहे."

"अरे, बघ तरी."

"काय बघायचंय? मी हिची बहीण बघितली आहे. खाली चला, भिंतीवरची रेघ दाखवतो."

खाली घाटावर गेलो. भिंती बघितल्या, खांब बघितले. रेघ नाही. वॉचमनला विचारलं, पाणी कुठपर्यंत चढतं? तो हसला. म्हणाला, पायऱ्यांपर्यंत, साहेब. वर कधी आलंच नाही. मला पटेना. मी पायरीवर उभा राहून उत्तरेकडं बघत होतो, कारण पाणी वरच्या अंगानंच येतं. धरण सोडतात तिकडून.

तेवढ्यात घाटावर ओरडा झाला. "बान! बान आसछे!" आंघोळ करणारी माणसं पटापट वर पळाली. नावाडी मात्र काठ सोडून नावा नदीच्या मध्यात नेत होते, नाकं दक्षिणेकडं करून. मी उत्तरेकडंच बघतोय. सुनीनं माझा दंड धरला आणि असं ओढलं मला, लहानपणी मी तिला ओढायचो तसं.

"तिकडं नाही दादा, इकडं!"

वळलो. आणि काय सांगू. समुद्राच्या बाजूनं, खालून, नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक पांढरी भिंत चालत येत होती. आवाज आधी आला, शंभर बैलगाड्या एकदम पुलावर याव्यात तसा. काठाला लाटा फुटत होत्या, मध्यातल्या नावा डोक्याइतक्या उचलल्या जाऊन खाली येत होत्या. मघाशी मी उभा होतो ती पायरी दिसेनाशी झाली. आणि ती भिंत पुढं गेली, उत्तरेला, आणि तिच्यामागं अख्खी नदी उलटी वाहायला लागली. जलपर्णी, फुलांच्या माळा, एक तुटकी फळी, जे काही खाली चाललं होतं ते सगळं वर चाललं. नदी घरी परत निघाली होती.

मी हात जोडले. आपोआप जोडले गेले.

नूपुर म्हणाली, "मामा, तुला भय लागला?"

"भय नाही गं पोरी. मान दिला."

चारुदत्तराव म्हणाले, "भरतीचं पाणी आहे, दादा. यालाच इथं बान म्हणतात. पौर्णिमेच्या आसपास असं येतं. आणि तुम्ही रेघ शोधत होता ना? इथं नदीचा काठच उंच. गाळ आणून आणून नदीनंच तो बांधलाय. जमीन काठापासून आतल्या बाजूला उतरते. पाणी तुंबतं ते आत."

म्हणजे बघा, नदी स्वतः स्वतःचा बांध घालते! आमच्याकडं त्यासाठी मोर्चे काढावे लागतात. मी तिथल्या तिथं निर्णय फिरवला. मोठा माणूस निर्णय फिरवतो तेव्हा मोठ्यानं फिरवतो. "सुने, हेच घर! रोज सकाळी उठून हे बघायचं. सांगलीत कुणाच्या बापाच्या बाल्कनीत हे नाही."

सुनी नुसती हसली. म्हणाली, "बालीचं बघू, मग बोलू."

खाडीवरचा पूल ओलांडून चालत गेलो. दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू रस्त्यात पडलेले. बालीचा फ्लॅट एका गल्लीत, आत, दुसऱ्या मजल्यावर. जुनी घरं, हिरवी लाकडी खिडक्यांची दारं, तारेवर साड्या. आणि पहिल्याच भिंतीवर मला ती दिसली. रेघ! गुडघ्याच्या खाली, ओली, शेवाळाची. कुणी साल लिहिलेलं नव्हतं, कारण दर वर्षी लिहावं लागलं असतं. शेजारच्या दारात एक म्हाताऱ्या बाई भाजी निवडत होत्या. सुनी त्यांच्याशी बंगालीत असं बोलली की मला वाटलं दुसरीच कुणी बाई बोलतेय. त्या बुलबुलदी. त्यांनी सांगितलं, श्रावणात पाऊस जोरात झाला की गल्लीत पाणी येतं, एक-दोन दिवस राहतं, जातं.

"झालं," मी म्हटलं. "नापास. चला."

तेवढ्यात अंधारून आलं. आणि कुठून तरी शंख वाजला. लांब, खोल. मग शेजारच्या घरातून दुसरा. मग समोरून, मग वरून, मग मागच्या गल्लीतून. घराघरांतून शंख, एकामागून एक, जसं काही कुणी निरोप पुढं पाठवतंय. आमच्याकडं असा निरोप एकाच गोष्टीचा जातो. दुपारी ती नदी मी डोळ्यांनी बघितली होती, आणि इथं जमीन आत उतरलेली.

"पाणी आलं!" मी ओरडलो. चारुदत्तरावांच्या बगलेत हात घातला आणि त्यांना घेऊन जिन्याकडं धावलो. ऑपरेशन झालेला माणूस, त्याला पाण्यात सोडणार का मी? "सुने, नूपुर, वर! वर चला!" कुठलाही सांगलीकर हेच करेल. आणि माझ्याइतक्या चपळाईनं कुणी करणार नाही.

जिन्यात धडाधड दारं उघडली. पहिल्या मजल्यावरून एक बाई आली, तिच्या हातात शंख तसाच. वरून एक गृहस्थ बनियनवर धावत आले. त्यांनी काही विचारलं नाही, आधी चारुदत्तरावांना दुसऱ्या बाजूनं धरलं, आत नेलं, पंखा लावला, पाणी दिलं. मागून बुलबुलदी धापा टाकत वर चढल्या, काय झालं, पाणी कुठंय विचारत.

"की होलो? जल कोथाय?"

सुनी पायरीवर बसून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता तिनं बंगालीत सगळ्यांना सांगितलं आणि मग सगळा जिना हसायला लागला. मला सांगितलं, "दादा, दिवेलागण झाली. इथं घरोघरी बायका दिवा लावून शंख वाजवतात. रोज."

"रोज?"

"रोज."

मी म्हटलं, "मग आधी सांगायचं नाही का? जावयांचा व्यायाम झाला, चांगलं झालं."

बुलबुलदींनी चहा आणि कुरमुरे दिले. चारुदत्तरावांना त्यांनी तिथल्या तिथं विचारून घेतलं, डॉक्टर कोण, गोळ्या कुठल्या, मीठ बंद आहे का. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या मुलाचा फोन नंबर सुनीच्या फोनमध्ये घातला. त्याची स्वतःची टॅक्सी होती. घर अजून घेतलंही नव्हतं.

तिथून निघालो तर सुनी म्हणाली, "आता परत नदीवर चल. पाच मिनिटं."

पुन्हा पूल ओलांडला. बिल्डिंगसमोर उभे राहिलो. समोर नदी, तिच्यावर चंद्र, बघून पोट भरेना. सुनी म्हणाली, "तिकडं नको बघूस. बिल्डिंगकडं बघ."

बघितलं. खिडक्या सगळ्या काळ्या. एका घरात दिवा, आणि खाली वॉचमनचा. शंख नाही, कुकरची शिट्टी नाही, टीव्ही नाही. फ्लॅट घेतलेली माणसं बंगळुरात, अमेरिकेत. नदी बघायला वर्षातून एकदा येतात.

"मी दोन महिने ऑफिस सुटलं की इथं आणि तिथं येतेय, दादा. दिवे लागायच्या वेळेला. दिवसा सगळीच घरं चांगली दिसतात." मग ती हळू बोलायला लागली, चारुदत्तराव पुढं गेले होते म्हणून. "नूपुर चालली. ह्यांना काही झालं तर मी कुणाचं दार वाजवू? नदीचं?"

"पण सुने, तिथं पाणी येतं."

"येतं. गुडघ्याखाली. आपण दुसऱ्या मजल्यावर." मग माझ्याकडं वळली. "एकोणीस साली तुला कुणी काढलं रे बाहेर? लांबच्या घरानं, की समोरच्या श्यामसुंदर शेटजींनी?"

मी त्या अंधारात माझ्या बहिणीकडं बघत राहिलो. एवढीशी होती, माझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची. जन्मभर बँकेनं सांगितलं तिथं राहिली. आणि आज पहिल्यांदा स्वतःचं घर निवडायचं तर सगळ्यांनी बाल्कनी बघितली, हिनं संध्याकाळ बघितली. दुपारी नदीला हात जोडले होते. आता हात खिशात होते, एवढाच फरक.

"मग मला कशाला बोलावलंस?" मी विचारलं.

"घर बघायला. मी कुठं म्हटलं ठरवायला?" आणि वर म्हणते, "आणि खिळा ठोकायला."

रविवारी बालीला होकार गेला. डिसेंबरात मी परत गेलो आणि आईचा फोटो भिंतीवर लावला. तो खिळा असा बसवलाय की घर पडेल पण आई पडायची नाही.

आता रोज संध्याकाळी यार्डातून मी सुनीला फोन लावतो आणि मोठ्या आवाजावर ठेवतो. हमाल, व्यापारी, सगळे गोळा होतात. पलीकडून शंख सुरू होतात, एकामागून एक, लांबच लांब, गोड. मध्येच एक येतो, फुसका, फाटका, अर्ध्यात श्वास संपलेला. लोक हसतात.

मी सांगतो, "गप्प बसा. तोच. तो माझ्या बहिणीचा."