पाणी न पिणारे उंदीर

निम्म्या पिंजऱ्यांतले उंदीर पाण्याच्या बाटलीकडे फिरकत नव्हते. बाटल्या लावेपर्यंत आदल्या दिवसापासून कुणालाच पाणी दिलेलं नव्हतं. शेजारच्या पिंजऱ्यांतले घटाघटा पीत होते.

मी व्हेटर्नरी डॉक्टर. पावणे एमआयडीसीत एका लॅबमध्ये आहे. तिथे आम्ही दुसऱ्या कंपन्यांची औषधं प्राण्यांवर तपासून देतो. हे औषध तहान कमी करणारं होतं. हार्टच्या काही पेशंटना पाणी मोजून प्यावं लागतं, तहानेने जीव नकोसा होतो. त्यांच्यासाठी. कुठल्या पिंजऱ्याला औषध दिलंय ते मला मुद्दाम सांगत नसत. कोण किती पितं, तेवढं मी बघायचं.

कुलकर्णी सर या प्रयोगाचे प्रमुख. कुठल्या पिंजऱ्याला औषध होतं तो कोड त्यांनी उघडला. न पिणारे सगळे औषधवाले निघाले.

“चाललं की! क्लायंटला फोन लावतो.”

“सर, पण हे मिठाच्या पाण्यावर तुटून का पडतायत?”

प्रत्येक पिंजऱ्यात दोन बाटल्या असतात. एक साध्या पाण्याची, एक खारट. शरीर सुकतं तेव्हा पाण्याबरोबर मीठही जातं. तहानलेला उंदीर आधी साध्या पाण्याकडे धावतो. पोटात पाणी गेलं की तहान भागते, पण गेलेलं मीठ साध्या पाण्याने भरून येत नाही. मग तो मीठ शोधतो. आमचे औषधवाले उंदीर नेमके असेच वागत होते. नुकतंच पाणी प्यायल्यासारखे.

“औषध तहान मारतं, मिठाची ओढ मारत नाही. साधी गोष्ट आहे,” सर म्हणाले.

असेलही. पण मला पटेना. कुणीतरी पाणी पाजलंय, असंच वाटत राहिलं.

संशय गेला पाटीलदादांवर. ते जवळच्या तळवली गावचे, पिंजरे सांभाळतात. उंदरांना तहानलेलं ठेवतो हे त्यांना आवडत नसे, तसं बोलूनही दाखवायचे. मी त्यांना बाजूला घेतलं.

“दादा, सकाळी यांना पाणी दिलंत का?”

त्यांचा चेहरा उतरला. “मॅडम, मना नोकरी नको हाय का? मी कशाला पानी देऊ?”

“मग दिलं कुणी?”

“तुमीच बघा. मी नाय.”

पुढच्या फेरीला मी स्वतः वजनकाटा घेऊन बसले. पाण्यावाचून ठेवलेल्या उंदराचं वजन वाढू शकत नाही. सकाळी सगळ्यांची वजनं केली, तेव्हा ठीक होतं. मग टेक्निशियनने डोस दिले. पुन्हा वजनं केली. औषधवाले चांगलेच जड झाले होते. मधल्या वेळात पाटीलदादा खोलीत आलेच नव्हते.

मी डोसच्या ट्रेकडे बघितलं. औषध सिरिंजला लावलेल्या बारीक नळीने थेट पोटात सोडतात. औषधाच्या सिरिंजा जाड होत्या, बाकीच्यांना बिनऔषधाचं थोडं पाणी देतात त्या बारीक.

सरांना बोलावलं.

“औषध थोड्या पाण्यात विरघळत नव्हतं,” ते म्हणाले. “जास्त पाणी घाला, असं क्लायंटनेच फोनवर सांगितलं.”

“आणि बाकीच्यांना?”

“त्यांचं काही बोलले नाहीत.”

“म्हणजे एका गटाला आपणच पाणी पाजलं, सर. दुसऱ्याला जेमतेम थेंबभर.”

सर खुर्चीत बसले.

पुढच्या वेळी दोन्ही गटांना सारखंच पाणी दिलं. दोन्ही गट सारखेच प्यायले, मिठाचं पाणीही सारखंच. औषधाचा काही उपयोग नव्हता.

क्लायंटचा माणूस म्हणाला, “पहिला रिझल्ट चांगला होता, तोच रिपोर्टमध्ये ठेवू या ना.” मी सही करणार नाही म्हटलं. सरांनीही माझीच बाजू घेतली, हे मला अनपेक्षित होतं. सगळं होतं तसं लिहून रिपोर्ट गेला. त्या कंपनीचं काम पुन्हा आलं नाही. एकाच गटाला जास्त पाणी, ही चूक होती की कुणी ठरवून केलं होतं, हे मला अजूनही माहीत नाही.

पाटीलदादांची मी माफी मागितली. “जाऊ दे मॅडम,” म्हणाले. पण आता मी पिंजऱ्यांच्या खोलीत शिरले की ते हातातलं काम टाकून बाहेर जातात.

औषध चाललं असं कुणी आनंदाने सांगितलं, की मी आधी विचारते, कशात विरघळवलं होतं?