गोमेच्या पायांची सम-विषम

सोनाळ्याच्या माझ्या घरमालकीण काकूंनी मूठभर तुरीचे दाणे दिले, म्हणून माझी नोकरी राहिली. हे आधी सांगतो, बाकीचं मागाहून.

मी वेंगुर्ल्याकडचा. गणितापायी नववीतच शाळा सुटली. इकडे आलो तो एका संशोधक मॅडमची जीप चालवायला. इथल्या सातपुड्याच्या पायथ्याची माती चाळून त्या बारीक, आंधळ्या गोमा शोधतात. त्यातली एक जात फक्त इथेच असावी, असा त्यांचा अंदाज. जात ठरवायला इतर खुणांबरोबर पायांच्या जोड्या मोजाव्या लागतात. मोजणीला माणूस मिळेना, म्हणून भिंग माझ्या हाती आलं. गणित सातपुड्यापर्यंत मागे आलं म्हणायचं.

आठ बाटल्यांतल्या आठही गोमांचा आकडा सम आला.

"मातीतल्या गोमेच्या जोड्या विषमच असतात," मॅडम म्हणाल्या. "सकाळपर्यंत परत मोजा. नाही जमलं तर दुसरा माणूस बघते."

मला तर परतीची एसटीच दिसायला लागली. ओट्यावर बसून परत मोजलं. सम! शेजारी काकू तूर निवडत होत्या.

"काऊन रडून राह्यला बे?"

"रडत नाही काकू, मोजतोय. एक जोडी जास्त होतेय."

"मंग तोडून टाक एक. एक पाय मोडला तं गोम लंगडी होते काय?"

"जात बदलेल ना!"

"पायावरून जात? आमच्या इथं तं आडनावावरून कळते."

मग त्यांनीच दाणे पुढे सरकवले: एका जोडीला एक दाणा. भिंगाला डोळा लावून बसल्या. मी डोक्याकडून पहिला दाणा ठेवला, तोच त्यांनी माझा हात धरला.

"थांब. हे पाय कुठी हायेत? तोंडापाशी चिमटे हायेत हे. यानं ते धरते अन् खाते. तू जेवतो त्या हाताले पाय म्हणतो काय?"

दाणा उचलला. आठही गोमा विषम!

सकाळी मॅडम हसल्या. "ते चिमटे मुळात पायच होते. तुम्हाला मोजायला कित्येक कोटी वर्षं उशीर झाला, एवढंच."

काकूंनी दाणे मात्र परत मागून घेतले. वरणाले लागतात म्हणे.

काकूंनी समुद्र पाहिलेला नाही. मॅडम सांगतात, किनाऱ्यावरच्या खडकांच्या फटींतही गोमा असतात. एक दिवस काकूंना आमच्या किनाऱ्यावर नेणार आहे. गोम मी धरीन, मोजतील त्या. तूर माझी.